लोणी नसलेला पाव

रात्रभर उपाशी राहिलेल्या माणसांच्या खोलीत ताज्या पावाचा वास येऊ नये. त्या सकाळी आला.

रक्त तपासायच्या त्या अरुंद खोलीत आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो होतो. चहा कोणाच्याच पोटात गेला नव्हता, त्यामुळे कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दार उघडलं. आधी वास आत आला, मग माणूस... उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे पिठाची पुसट रेघ.

"अहो, ती पिशवी बाहेर ठेवा की!" समोरचे आजोबा कडाडले. "इथे माणसं उपाशी बसलीयेत."

"पिशवी नाहीये, आजोबा. वास माझाच आहे." तो ओशाळला. "बेकरी आहे माझी. आंघोळ करून आलोय, पण हा काही जात नाही."

मला हसू आलं. ते त्याने पाहिलं. माझ्या शेजारचीच खुर्ची रिकामी होती.

"तुम्हाला त्रास होत असेल तर उभा राहतो."

"त्रास होतोय," मी म्हटलं. "पण बसा."

मी शहराच्या पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेत काम करते. नळाला येणारं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे रोज तपासायचं. नंबर येईपर्यंत त्यालाही हे सांगून झालं होतं. वय बावन्न. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी. पाळी थांबून दीडेक वर्ष झालं होतं. वजन तेच, जेवण तेच, पण रक्ताचा अहवाल आला तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल एकशे बहात्तर. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा पेनाने गोल केला.

"तुमचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "शरीरात इस्ट्रोजेन भरपूर असतं तोवर यकृत हे कोलेस्टेरॉल रक्तातून भराभर उचलून घेतं. पाळी जाते, इस्ट्रोजेन उतरतं, तशी ही उचल मंदावते. पुष्कळ जणींचं होतं असं. घरात कोणाला हृदयाचा त्रास?"

"आई गेली. छप्पन्नाव्या वर्षी. कपड्यांना इस्त्री करत होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मी तर आजच गोळी सुरू केली असती."

मी तीन महिने मागून घेतले. खाणं सुधारते, रोज चालते, मग बघू. त्यांनी थायरॉइड तपासून घेतलं, ते ठीक निघालं, तेव्हा त्या तयार झाल्या. खरं सांगायचं तर मला गोळीची भीती नव्हती. गोळी घेतली म्हणजे आपण आईच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो, असं काहीतरी मनाने घेतलं होतं.

दुसऱ्याच दिवशी, चालण्याच्या रस्त्यावर, तोच वास. कालव्याच्या कडेला त्याची बेकरी होती. पहाटेची भट्टी उरकून तो पायरीवर बसला होता.

"पाणीवाल्या बाई! काय म्हणतोय रिपोर्ट?"

"लोणी बंद म्हणतोय."

"म्हणजे माझं दुकानच बंद." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्यासाठी वेगळा पाव लावू? लोण्याशिवाय?"

"लोणी अजिबात नको."

"थेंबभरही नाही. शब्द देतो."

आणि दुसऱ्या दिवसापासून तोही चालायला निघाला. मी सांगून पाहिलं, की असं चालत नाही. आमच्या प्रयोगशाळेत नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. खाणं आणि चालणं, दोन गोष्टी आधीच झाल्यात.

"मी गोष्ट नाही," तो म्हणाला. "मी माणूस आहे. मला कुठे मोजताय?"

मोजत नव्हते, असं मी स्वतःला सांगत होते. पण तो यायचा त्या दिवशी पूल कधी मागे पडला ते कळायचं नाही, आणि नाही आला की तोच रस्ता लांबायचा. त्याचं लग्न राहूनच गेलं होतं. "पहाटे उठून जाणाऱ्या माणसाशी कोण संसार करणार," हे तो दुसऱ्या कोणाचा किस्सा सांगावा तसं सांगायचा.

एकदा, चांगलाच गारठा होता, कालव्यावर धुकं बसलेलं. पुलाच्या मधोमध माझ्या छातीतून वाफ उठली, मानेवरून थेट कानांपर्यंत. मी घाईने स्वेटर ओढून काढला. लोक मफलर गुंडाळून चाललेले, आणि मी घामाघूम... संकोचाने मान वर होईना.

त्याने फक्त हात पुढे करून स्वेटर घेतला आणि खांद्यावर टाकला.

"भट्टीचं दार उघडलं की माझंही असंच होतं," तो म्हणाला. "दोन मिनिटांत उतरतं. सावकाश चला."

उतरलं. स्वेटर त्याने लगेच दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

फोनवर मुलगी म्हणाली, "आई, कोलेस्टेरॉलचं माहीत नाही, पण तुझ्या बोलण्यात साखर वाढलीये. कोण आहे गं?"

"कोणी नाही. बेकरीवाला."

"अगं आई! हृदयासाठी चालायला निघालीस आणि गाठलंस कोणाला... बेकरीवाल्याला!"

तीन महिने संपत आले तेव्हा त्याने पुलावर थांबून विचारलं, "रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला याल? वरच्या मजल्यावर राहतो. कोणी बोलवण्यासारखं आत्तापर्यंत... नव्हतं."

माझं उत्तर तयार होतं, पण आईचं वय डोक्यात फिरत होतं. चार वर्षं. तेवढीच उरली असतील, तर या चांगल्या माणसाला कशाला गुंतवायचं?

"रिपोर्ट येऊ दे," मी म्हटलं. "मग सांगते."

तो हसला, पण त्याला ते समजलं नसावं. जेवायला यायचं की नाही, हे रक्ताच्या बाटलीवर का ठरावं?

रिपोर्ट आला. एकशे अडुसष्ट.

"फक्त चार?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. रागाने माझा आवाज चढला.

"चार म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एवढं तर दोन तपासण्यांत इकडेतिकडे होतंच. रोज काय खाता, सांगा." मी सांगत गेले. डाळी, भाज्या, फळं, आणि तो पाव. "पाव? त्यात काय घालतात?"

"लोणी नाही."

"लोणी नाही, हे कळलं. काय आहे?"

रोज पाणी तपासणारी मी... हा प्रश्न विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

तिथून मी थेट बेकरीत गेले. तो मळलेल्या कणकेचे गोळे तोडत होता. मी विचारताच त्याने अभिमानाने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. आत पांढरंशुभ्र, घट्ट वनस्पती तूप.

"हे बघा. लोण्याचा अंशही नाही. पाव मऊ राहायला काहीतरी लागतं ना, म्हणून हे. सगळं झाडापासूनचं! तुमच्यासाठी मुद्दाम थोडं जास्तच घालतो."

मी डब्याच्या बाजूचा बारीक मजकूर त्याला वाचून दाखवला: संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, दोन्ही वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी. त्याने चष्मा लावून तो स्वतःही वाचला. मग डबा उलटा ठेवला, जणू त्याचं तोंड बघवत नव्हतं.

"म्हणजे तीन महिने... मीच तुम्हाला हे भरवत होतो."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत असायला हवं होतं. धंदा आहे माझा." हातातली कणीक त्याने टेबलावर ठेवली. "तुम्ही आता दुसरीकडून पाव घ्या."

पुढचे काही दिवस तो कालव्यावर आला नाही. बेकरीची पायरी रिकामी. मी एकटी चालले, तेवढंच अंतर, तोच पूल. चालताना डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवत होते. सगळा दोष पावाचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. वय आहे, आईकडून आलेलं रक्त आहे. गोळी लागणारच होती. "आणि ती शिक्षा नाही," त्या म्हणाल्या होत्या. "तुमच्या आईला कोणी वेळेवर दिली नाही, एवढंच. तुम्हाला मिळतेय." आईच्या रांगेत मी नव्हतेच. आईला मिळाली नाही ती संधी माझ्या पर्समध्ये, औषधांच्या पाकिटात होती.

शनिवारी मी बेकरीच्या मागच्या दाराने आत शिरले. तो भट्टी पुसत होता.

"तुमच्यासाठी सामान आणलंय," मी टेबलावर पिशवी ठेवली. "ओट्स. जवस. आणि साधं तेल, मोजूनच घालायचं. वनस्पती तूप नाही, लोणी नाही. आणि आत काय पडतंय ते या वेळी मी स्वतः बघणार."

तो जागचा हलला नाही. "अजून माझ्या हातचा पाव खाणार?"

"खाणार. गोळीही सुरू केलीये आजपासून. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त."

"मग पाव कशाला बदलताय? तुमचा तो नियम... एका वेळी एकच गोष्ट."

"सोमवारपासून तुम्ही चालायलाही यायचं," मी म्हटलं. "आणि उद्या रविवार आहे. मी येतेय. वरच्या मजल्यावर."

त्याच्या कानामागे अजून ती पिठाची रेघ होती. मी हात पुढे करून ती पुसली. तीन महिने हात आखडता घेतला होता, आता घेतला नाही.

"गोळी, पाव, चालणं आणि मी..." तो हळूच म्हणाला. "सगळं एकदमच बदललंत, तर फरक कशाने पडला ते कळणार कसं?"

"नाही कळलं तरी चालेल," मी म्हटलं, आणि पिशवीतून ओट्स काढले.