पुढचं डावं चाक

यावलहून जळगावला निघालेली एसटी केळीच्या बागांमध्येच थांबली आणि मोनालीने घड्याळ बघितलं. आज नोकरीचा पहिला दिवस. पहिल्याच दिवशी उशीर… तोही गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये, जिथे तिच्याआधी एकही मुलगी पाना घेऊन उभी राहिली नव्हती.

ती खाली उतरली. पाऊस भुरभुरत होता. ड्रायव्हर बॉनेट उघडून वाफ जायची वाट बघत होता आणि त्याच्या शेजारी निळ्या शर्टातला एक तरुण वाकून उभा होता.

"रेडिएटरचा पाइप गेला असेल," तो म्हणाला.

"पंख्याचा पट्टा तुटलाय," मोनाली म्हणाली. "मघापासून किंचाळत होता. ऐकू नाही आला?"

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा आत. पट्टा खरंच तुटून लोंबत होता.

"मी खिडकीला डोकं लावून झोपलो होतो," तो म्हणाला.

"झोपेतून उठल्या उठल्या निदान करू नये मग."

"बरोबर." तो हसला. "आता चहा पाजणं आलं."

मागून आलेल्या गाडीत दोघं उभ्यानंच जळगावला पोचले. चहा राहूनच गेला, कारण दोघांनाही उशीर झाला होता – आणि गंमत म्हणजे एकाच वर्कशॉपच्या फाटकाशी. त्याचं नाव अभिमन, गाव डांभुर्णी. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी बाहेर जाण्याआधी शेवटची तपासणी तोच करायचा.

वर्कशॉपमध्ये सगळे तिला ताई म्हणायचे आणि कुणी काम द्यायचं नाही. फोरमन लीलाधरनाना मनाने वाईट नव्हते, पण तिला ऑइल बदलण्यापलीकडे हात लावू देत नव्हते. "जड काम आहे, ताई, राहू दे." मोनाली ऑइलचा डबा उचलायची. तिला माहीत होतं, इतर कुणी चुकलं तर तो चुकला म्हणतात. ती चुकली तर मुली चुकतात म्हणतील. म्हणून प्रत्येक नट ती दोनदा बघायची. रात्री मेहरूण भागातल्या भाड्याच्या खोलीवर पडल्यावरही हात नट आवळल्यासारखे आपोआप वळायचे.

अभिमन मात्र तिच्याशी सरळ बोलायचा. तिचे हात ग्रीसने भरलेले असले की न सांगता पुसायचं फडकं शेजारी ठेवून जायचा.

"तपासायला आलास की बघायला?" ती गाडीखालूनच विचारायची.

"तपासायला. पण बघितल्याशिवाय कसं तपासणार?"

ती हसू दाबायची. मग दिवसभर काळजी वाटायची – कुणी ऐकलं तर? इथे काम शिकायला आलोय आपण…

नागपंचमी झाली आणि नानांनी तिला ब्रेकचं काम दिलं. नईम नावाच्या कापड व्यापाऱ्याची गाडी होती. धुळ्याला त्याच्या बहिणीचा, निलोफरचा साखरपुडा होता. आई हमीदाबींना घेऊन तो दुपारीच निघणार होता. मोनालीने पुढचे ब्रेक बदलले. उजवं चाक बसवून टॉर्क पान्याने आवळलं. ठरलेला जोर लागला की तो पाना टक् असा वाजतो. डाव्या चाकाचे नट हाताने फिरवून बसवले आणि ती पाना उचलणार, तोच नानांची हाक आली.

"ताई, लवकर ये. कंपनीचे साहेब आलेत. महिला टेक्निशियनसोबत फोटो पाहिजे म्हणताहेत."

"नाना, एक मिनिट, चाक…"

"साहेब थांबलेत ना."

ती गेली. कुणीतरी तिच्या हातात नवाकोरा पाना दिला, स्वच्छ टोपी घातली, हस म्हणालं. परत आली तेव्हा लिफ्ट रिकामी होती.

"ती पांढरी गाडी?"

"गेली," अभिमन म्हणाला. "मी पास केली."

"डाव्या चाकाचे नट बघितलेस?"

त्याने हातातला तपासणीचा कागद उलटून बघितला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"अभिमन… बघितलेस ना?"

"तू केलेलं काम होतं," तो हळू म्हणाला. "मला वाटलं… तुझं काय बघायचं."

तिने नईमला फोन लावला. रिंग जात राहिली, कुणी उचलेना. नानांना सांगितलं, तर त्यांनी ऑफिसकडे बघत आवाज खाली आणला.

"गलका करू नको. साहेब अजून आत आहेत. हाताने आवळलेले नट काही लगेच सुटत नाहीत. धुळ्याला पोचले की सांगू."

"नाना, गाडीत माणसं आहेत," ती म्हणाली. "मी जाते."

तिने टॉर्क पाना आणि चार जादा नट पिशवीत टाकले. बाहेर आली तर अभिमन मोटरसायकल सुरू करून उभाच होता.

बांभोरीचा पूल मागे पडला, पाळधी मागे पडलं. रस्ता ओला होता. ट्रकांचं पाणी अंगावर उडत होतं. पांढरी गाडी दिसली की तिचा श्वास अडकायचा, मग ती भलतीच निघायची. पुढे कुठे गर्दी दिसली की ती डोळे मिटायची. रस्त्याच्या कडेला कुणी थांबलंय, एवढंच असू दे… तिने अभिमनचा खांदा घट्ट धरला होता. इतर कुठल्या दिवशी त्या स्पर्शाने ती लाजली असती. आज दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

एरंडोलच्या अलीकडे, कडुनिंबाखाली गाडी उभी होती. नईम चाकाशी वाकला होता, हमीदाबी दार उघडून बसल्या होत्या. दोघंही धड होते. मोनाली उतरून थेट चाकाकडे धावली.

"डावीकडून थरथरत होती," नईम म्हणाला. "तुम्हीच केली ना ही गाडी?"

"माझी चूक आहे," अभिमन पुढे झाला. "तपासणी माझी होती."

"नट मी न आवळता सोडले होते," मोनाली म्हणाली. "मला कुणी हाक मारली तरी काम सोडून जायला नको होतं. चूक दोघांची आहे."

नईम भडकला, आणि भडकणं बरोबरच होतं. "आई होती गाडीत. माफी मागून काय होणार? मी तक्रार करणार."

"करा," ती म्हणाली. "पण आधी चाक नीट करू द्या."

एक नट कुठे तरी पडला होता, बाकीचे सैल होते. गाडी जॅकवर घेताना ती घाई करत होती. हमीदाबी उतरून तिच्याजवळ आल्या.

"सावकाश कर, बेटी," त्या म्हणाल्या. "साखरपुडा आमच्याशिवाय होत नाही."

चाक जमिनीवर आलं. टक्. टक्. प्रत्येक आवाजाबरोबर तिचा श्वास थोडा मोकळा झाला. मग तिने पाना अभिमनकडे दिला.

"आता तू तपास."

त्याने एकेक नट पुन्हा तपासला. या वेळी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही.

परतताना तो बांभोरीला गिरणेच्या पुलाआधी थांबला. पाऊस थांबला होता, वारा गार होता.

"मोनाली, मला तू आवडतेस. आज सांगायला नको, कळतंय मला… पण म्हणूनच ते नट बघितले नाहीत. तुझं काम तपासलं तर तुला वाईट वाटेल, असं वाटायचं."

"साहेबांना माझा फोटो हवा होता, तुला माझं मन राखायचं होतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले. "काम कुणालाच नको होतं. हा कसला विश्वास?"

"मग काय करू?"

"चुकलं तर सांग. सगळ्यांसमोर सांग. ते जमत असेल तर बाकीचं बोलू."

नईमने तक्रार केली. साहेबांनी दोघांना लेखी ताकीद दिली. अभिमनची तपासणीची जागा महिनाभर काढून घेतली. "चालू कामावरून मी उठवलं तिला," नाना स्वतःहून म्हणाले, तेव्हा सगळे चपापले. त्यानंतर हातातलं काम संपेपर्यंत नाना कुणालाच हाक मारीनासे झाले.

जागा परत मिळाली त्याच आठवड्यात अभिमन तिने दुरुस्त केलेल्या एका गाडीपाशी थांबला. सगळं वर्कशॉप ऐकत होतं.

"मोनाली, मागचा ब्रेक घासतोय. पुन्हा कर."

तिचे कान तापले. तिने गाडी पुन्हा लिफ्टवर घेतली, बघितलं. घासत होता.

संध्याकाळी तो मेहरूण तलावावर आला तेव्हा ती कट्ट्यावर बसली होती.

"राग आला?"

"आला. खूप."

तो लांबच बसला. पाण्यावर बगळे उतरत होते.

"आईला फोन केला मी," ती म्हणाली. "सांगितलं, एक जण आहे… माझं चुकलं की तोंडावर सांगतो."

त्याने मान वळवली. "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, रविवारी जेवाले घेऊन ये त्याले. आधी मी पाहीन, मंग तुह्या आबाले सांगू."

अभिमनने घसा साफ केला, केसांवरून हात फिरवला, आणि फोरमनसमोरही कधी न घाबरलेला तो माणूस हळूच म्हणाला –

"शर्ट कुठला घालू?"

मोनाली हसली आणि सरकून त्याच्या शेजारी बसली.