शिळं न होणारं गाणं

शुक्रवारी सकाळी 'पापणी' हे गाणं पहिल्या क्रमांकावरून तिसऱ्यावर घसरलं, तेव्हा आधी सगळ्यांनी यंत्राला दोष दिला. यंत्र बिचारं काय बोलणार. आठ वर्षं जे गाणं जागचं हललं नव्हतं ते हललं, म्हणजे मोजणाऱ्यानेच कुठेतरी माती खाल्ली असणार, असं मानणं सगळ्यांच्या सोयीचं होतं.

गाणं 'लवंगी' या चार मुलींच्या गटाचं. चौघी सांगली जिल्ह्यातल्या, आवाजाने खणखणीत आणि तोंडाने फटकळ. त्यांचा पहिला गाण्यांचा संच 'ठेचा' क्रमवारीच्या तळाशी जेमतेम टेकला. दुसरा, 'पायमोड', बराच वर गेला आणि गावोगावच्या जत्रांत पोरं त्यावर धूळ उडेपर्यंत नाचली. तिसऱ्या संचात चौघींपैकी ऋजुता चौगुलेने एक संथ गाणं हट्टाने घातलं. नाचाच्या गाण्यांमध्ये हे अंगाईसारखं काय मध्येच, म्हणून बाकी तिघींनी नाकं मुरडली. तेच हे 'पापणी'. पुढे त्या तिघींनीही त्याच गाण्याच्या जोरावर जग पाहिलं, हा भाग वेगळा.

क्रमवारी आता गाणं किती जणांनी ऐकलं यावर ठरत नसे. लोक गाणं लावून भांडी घासतात, भांडतात, झोपतात. त्या ऐकण्याला काय अर्थ? म्हणून ती शहाऱ्यांवर ठरे. प्रत्येकाच्या हातात 'मनगटी' असायची. ऐकताना अंगावर काटा आला की ती टिपून घ्यायची. ज्या गाण्याने सगळ्यांत जास्त काटे आणले ते पहिलं, असा सरळ हिशेब होता.

आता गाणं कितीही गोड असो, पन्नासाव्यांदा ऐकताना ते अंगावर येत नाही. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती हीच. पुण्याच्या डॉ. सुधन्वा निगुडकरांनी यावर उपाय शोधला. गाण्याच्या तळाशी ते कानाला कळणार नाही अशी एक थरथर घालत. प्रयोगशाळेतले लोक तिला 'पुसणी' म्हणत. गाणं ऐकून झालं की थोड्या वेळात ही पुसणी मेंदूतून त्याची चाल पुसून टाकी. आपण हे गाणं ऐकलंय, ते आपल्याला फार आवडतं, एवढं लक्षात राही. चाल तेवढी जाई. पुन्हा लावलं की गाणं कोरं करकरीत. या तंत्राचं नाव 'नवश्रुती'. शिळं होणं हा प्रकार गाण्यांच्या जगातून त्यांनी हद्दपार केला, आणि त्याबद्दल त्यांचे भरपूर सत्कार झाले.

गंमत अशी झाली की देशातलं सर्वांत लाडकं गाणं देशात कुणालाच गुणगुणता येईना. वरातीत नवरदेवाचे मित्र 'पापणी वाजवा' म्हणून ओरडायचे आणि बँडवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. ऐकलं सगळ्यांनी होतं, पण क्लॅरिनेटवर पहिली फुंकर कुठे मारायची ते कुणाला आठवत नव्हतं. शेवटी त्यांनी पणजोबांच्या काळातली गाणी काढली आणि वेळ निभावून नेली.

ती चाल पाठ होती ती फक्त लवंगीच्या चौघींना. मंचावर गायचं तर ती डोक्यात राहायला हवी. म्हणून त्यांना पुसणी नसलेली साधी प्रत मिळे, आणि मंचावरच्या साथीत पुसणी असे म्हणून गाताना त्या कानांत बोळे घालत.

गाणं घसरल्यानंतर चार-पाच दिवसांनी डॉ. निगुडकरांनी ऋजुताला बोलावून घेतलं. साठीचा, सडसडीत माणूस. एरवी बोलायला लागला की थांबत नसे. त्या दिवशी त्यांनी चहा मागवला आणि तो निवला तरी कपाला हात लावला नाही.

"यंत्र बिघडलंय ना, डॉक्टर?" ऋजुताने विचारलं.

"यंत्र ठणठणीत आहे. गाणंही. ज्यांनी ते कधीच ऐकलं नव्हतं अशी माणसं मी शोधून आणली. त्यांना ऐकवलं. सुरुवातीच्या दिवसांत यायचा तसाच काटा आला. ज्यांनी ते वर्षानुवर्षं ऐकलं, त्यांनाच येईनासा झालाय."

"पण त्यांनाही ते नवंच वाटतं की. तुमची पुसणी आहे ना?"

"वाटतं. तिथेच तर घोडं पेंड खातंय. आणि हे तुमच्या बाकीच्या गाण्यांचं होत नाही. 'ठेचा' ऐका, 'पायमोड' ऐका, काटा जिथल्या तिथे. हे एकच खाली येतंय." ते जरा पुढे झुकले. "ही चाल कुठली, ताई?"

ऋजुताने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाखतींमध्ये ती 'सुचली' एवढंच म्हणायची. आता मात्र तिने सांगितलं. चाल तिच्या आईची होती. ऋजुताला एक धाकटा भाऊ होता, ईशान. सगळे ईशू म्हणायचे. चार वर्षांचा असताना तो तापाने गेला. त्याला निजवताना आई ही चाल गुणगुणायची. शब्द नसायचे, नुसतं ओठ मिटून. तो गेल्यावर आईने ती कधीच काढली नाही. ऋजुताने पुढे तिला शब्द दिले आणि गाणं केलं. आईला भेट म्हणून.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अंगाई," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं. तुमच्याकडे लोणचं घालतात का?"

"आई घालते."

"आठवण बरणीतल्या लोणच्यासारखी असते असं आपण धरून चालतो. झाकण काढायचं, एक फोड घ्यायची, झाकण लावायचं. आतलं आहे तसंच. पण मेंदूत तसं नसतं. एखादी गोष्ट आठवली की ती पूर्ण बाहेर येते, मऊ होते, आणि नव्याने घालून ठेवावी लागते. ती पुन्हा मुरायला काही तास जातात. माझी पुसणी एवढंच करते, मुरू देत नाही. मला फक्त चालीची बरणी रिकामी करायची होती."

"मग?"

"मग काय. तुमचं गाणं लागलं की माणसं गाणं थोडीच ऐकत होती? कुणाला आई आठवत होती, कुणाला गेलेलं मूल. ती बरणीही त्याच वेळी उघडी असायची. पुसणीला काय कळतंय, कुठली आपली आणि कुठली परकी."

ऋजुताला क्षणभर समजल्यासारखं झालं आणि नको समजायला, असंही झालं. "म्हणजे लोक आपल्या माणसांना विसरले?"

"विसरले असते तर लगेच लक्षात आलं असतं. नाव माहीत आहे, चेहरा माहीत आहे, कधी गेलं, कसं गेलं, सगळं पाढ्यांसारखं पाठ. फक्त ते म्हणताना आत काही हलत नाही. तो काटा त्या हलण्याचाच होता. प्रत्येक ऐकण्यात थोडं थोडं गेलं. आता काटा यायला आत काही उरलंच नाही, म्हणून गाणं खाली आलं. गाणं झिजलं नाही. ऐकणारे झिजले."

आठ वर्षं दर शुक्रवारी ज्या आकड्यासाठी लवंगीच्या चौघी एकमेकींना मिठ्या मारत होत्या, तो आकडा हा होता.

"परत येतं का हे?"

"पुसणी आज काढतो. पण गेलेलं आणायला मला येत नाही." डॉक्टर खिडकीकडे बघत राहिले. "मीही ऐकायचो. थोरली बहीण होती माझी, तिनेच मला वाढवलं. तिचा फोटो या टेबलावर असायचा. गेल्या महिन्यात आवराआवर करताना मी तो कपाटात टाकला. अडचण होत होती, म्हणून. आणि मला काहीच वाटलं नाही, हेसुद्धा काल माझ्या लक्षात आलं."

ऋजुताच्या मनात आता दुसरं काही नव्हतं. तासगावला आईचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं, आणि मशीनवर बसली की आई पहिलं 'पापणी' लावायची. लोक म्हणायचे, काय कौतुक आहे लेकीचं. आईत ईशू किती उरला असेल, एवढा एकच प्रश्न घेऊन ऋजुता शहरातल्या आपल्या घरी परतली.

त्याच दुपारी तिने गाणं मागे घ्यायला लावलं. चाहते खवळले, बाकी तिघींनी फोनवर खडे बोल सुनावले. डॉक्टरांचं म्हणणं तिने तिघींना सांगितलं, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. आईला फोन करायला मात्र ती धजली नाही. काय विचारायचं? तुला तुझा मुलगा अजून आठवतो का, असं कुठली मुलगी विचारते?

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच दारात उभी. स्नेहल चौगुले, हातात पिशवी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी.

"तुझं गाणं लागंना गं कालपास्नं," ती बसायच्या आधीच म्हणाली. "दुकानातल्या पोरींना दाखवलं, त्या म्हणल्या कंपनीनं काढून टाकलं. मला चैन पडंना. म्हणलं, जाऊन बघावं."

ऋजुताने पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. लोणच्याचा दाखला आईला लगेच कळला. सांगून झाल्यावर म्हणाली, "असं हाय व्हय."

"आई, तुला काही जाणवलं होतं का?"

"जाणवलं की. ईशूच्या वाढदिवसाला मी दर साली शिरा करती. औंदा केला, चव घेतली, साखर बेताची पडली म्हणून बरं वाटलं, आन् जेवून मशीनवर बसले. शेजारच्या वैनी आल्या, माझ्या तोंडाकडं बघाया लागल्या. तवा कळलं, मी रडलेच न्हाई." आईने पदराच्या टोकाला गाठ मारली आणि सोडली. "मग मी गाणं जास्तच लावाया लागले. सकाळ-संध्याकाळ."

"का?"

"त्या गाण्यात भेटायचा तो मला. पहिल्यांदा तू पाठवलंस ना, तवा पार मांडीवर येऊन बसल्यासारखा झाला. केसाचा वास आला. मग पुन्हा लावलं की जरा लांबनं. मला वाटलं, आपणच कुठं कमी पडतोय, अजून ऐकाया पायजे." ती थोडं थांबली. "त्याला बरणीतनं बाहेर काढायला म्हणून लावत होते, आन् त्यातच घालवला म्हण की."

ऋजुताला वाटत होतं, आईने चिडावं. हात उगारावा, निदान रडावं. आई शांत होती. एखादं कापड कमी भरलं तर ती जशी गप्प होऊन बघायची, तशी बघत होती.

"मला वाईट वाटाया पायजे ना आता?" ती म्हणाली. "तेबी वाटंना गं. तुझ्याकडं बघून वाटतंय. त्याचं न्हाई वाटत."

मग तिने विचारलं, "तुझं? तुझंबी गेलं?"

"नाही. आम्हाला साधी प्रत असायची. माझं सगळं आहे."

"मग म्हण बघू. त्यो गाण्याचा थाट नको. मी म्हणायचे तसं."

ऋजुताने ओठ मिटून चाल गुणगुणली. आई मान किंचित कलती करून ऐकत होती. चाल संपली तेव्हा ती म्हणाली, "चांगली हाय," आणि त्यात काही खोटं नव्हतं. परक्या बाईने परक्या बाळासाठी म्हटलेली चालही चांगलीच असते.

तेव्हा ऋजुताचा बांध फुटला. ईशू गेला त्या दिवशीही ती एवढी रडली नव्हती. तेव्हा रडायला आई होती, तिने आईला धरलं होतं. आता साऱ्या जगात त्याच्यासाठी रडणारं माणूस ती एकटीच उरली होती.

आईने खुर्ची जवळ ओढली. पाठीवर हात ठेवला. "रड, मोकळी हो," ती म्हणाली. "आपल्या हातात काय असतं? लहान होता गं. देवाला आवडला." ती मनापासून म्हणत होती. गल्लीत कुणाकडे काही झालं की ती सगळ्यांत आधी जायची आणि असंच बोलायची. ऋजुताचं रडं ओसरेपर्यंत ती तशीच बसून राहिली, मधूनमधून सुस्कारा सोडत, मधूनमधून पाठ थोपटत.

उन्हं उतरली तशी ती उठली. संध्याकाळची एसटी गाठायची होती. राहा म्हणायचं ऋजुताला सुचलं नाही. एरवी आई निघायची म्हणजे दारात अर्धा तास जायचा. 'येते गं' म्हणायची, मग काहीतरी आठवायचं, मग पुन्हा 'येते' म्हणायची, जिन्यातून वर बघून शेवटचं 'येते' व्हायचं.

दुःख झालेल्या घरातून निघताना बायका 'येते' म्हणत नाहीत. आईने चपला घातल्या, ऋजुताकडे एकदा कळवळून बघितलं, आणि काहीच न बोलता जिना उतरून गेली.