चौथ्या खुर्चीवरचा टॉवेल

बुधवारी सकाळी साडेअकराला अजिनाथ शेंगाची चटणी घेऊन निघाला, तिथून ही गोष्ट सुरू होते. चटणीत घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. काही नाही. पाव किलो चटणी, सहा कडक भाकऱ्या आणि दही, एवढंच त्याच्या पिशवीत होतं. पण महिना मे होता. अक्कलकोट रोडवरची कुत्री दुकानांच्या पायऱ्यांखाली सपाट होऊन पडली होती, डांबर चपलेला धरून ठेवत होतं, आणि नजर जाईल तिथवर माणूस म्हणून दिसत नव्हता. लोक उगाच रात्रीला भितात. रात्री निदान पानटपरी तरी उघडी असते. सोलापुरातल्या मे महिन्याच्या बाराच्या उन्हात हाक मारली तर ओ द्यायला कोणी नसतं, आणि दिलीच कोणी तर ती कोणी दिली, हा प्रश्न उरतो.

अजिनाथ मात्र शीळ घालत चालला होता. सव्वा वर्ष ज्याची वाट पाहिली तो गेम आज साडेबाराला उघडणार होता.

हा अजिनाथ कुंभारीचा. टॉवेलच्या कारखान्यात माल रवाना करणारा कारकून, वय चव्वेचाळीस, आणि थापा मारण्यात कोणाला हार न जाणारा. त्याचं थाप मारणं फायद्यासाठी नसे. खरी गोष्ट त्याला अळणी लागायची, म्हणून तो जरा तिखट-मीठ घालायचा, एवढंच.

गेमचं नाव ‘नाइन लँटर्न्स’. नऊ कंदिलांचं खोरं, त्यात चौघाचौघांच्या टोळ्या, तलवारी, राक्षस, असा सगळा मामला. कोरियात तो येऊन दोन वर्षं झाली होती. उरलेल्या जगासाठी कंपनी तारीख द्यायची आणि तारीख जवळ आली की पुढं ढकलायची. आधी दिवाळीच्या सुमाराला येणार होता, मग संक्रांतीच्या, मग ‘तांत्रिक कारणास्तव’ मार्चमध्ये, आणि मग नुसताच ‘लवकरच’. दर वेळी ‘आमच्या प्रिय प्रवाशांनो’ असं एक पत्र यायचं, आणि दर वेळी बाळासो ते वाचून म्हणायचा, “प्रवाशांनो म्हंत्यात राव, पर गाडी कुटंय?”

बाळासो वायरमन. धिप्पाड, हसरा, आणि पुढच्या महिन्यात मस्कतला कामाला निघालेला. तिसरी दिपाली, वळसंगची, दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेणारी. दर रविवारी ही तिघं गोजाबाईंच्या गेमिंग झोनमध्ये जुने गेम खेळत आणि नव्याची वाट बघत. नाव जरी गेमिंग झोन असलं तरी ते मूळचं मागाचं शेड. माग गेले, कॉम्प्युटर आले, वरचे पत्रे तेच राहिले.

आता नियम ऐका, कारण सगळं त्याच्यावर आहे. टोळी चौघांचीच. नाव आधी नोंदवणाऱ्या पहिल्या हजार टोळ्यांना टेकडीवर एक घर मिळणार. जगाच्या पाठीवर कुठंही असा, घर असलं की टोळी एकत्र. घर गेलं की टोळी मोडली, मग जो तो आपापल्या देशाच्या सर्व्हरवर. म्हणजे मस्कतचा बाळासो एकीकडं आणि सोलापूरची दोघं दुसरीकडं. दिपालीनं तर दवाखान्याच्या कागदावर त्या घराचा नकाशाही काढला होता, कोणाची खोली कुठली, चूल कुठं. आणि अट अशी की गेम उघडल्यापासून पंधरा मिनिटांत चौघांनीही आपापल्या मोबाइलवर आलेला आकडा भरून ‘हजर’ म्हणायचं. एक जरी चुकला तरी घर दुसऱ्याला.

घोळ चौथ्याचा होता. सव्वा वर्षापूर्वी नोंदणी बंद व्हायला तीन मिनिटं राहिली आणि चौथा माणूसच मिळेना. तेव्हा अजिनाथ म्हणाला, “माझा मावसभाऊ हाय की! येडू. वैरागचा.”

अजिनाथच्या आईला बहीण नव्हती. वैरागला तो जन्मात एकदा गेला होता, तेही बस चुकली म्हणून. पण त्यानं ‘येडू’ असं नाव टाकलं, बोटं जातील तसे दहा आकडे मोबाइल नंबर म्हणून दाबले, आणि टोळी झाली. नऊशे अठ्ठ्याऐंशी नंबर आला. पुढं एखादा खरा माणूस शोधून नाव बदलू, असा त्याचा विचार होता. चार दिवसांनी कंपनीनं नावं बदलणं बंद केलं.

मग काय, येडूला वाढवणं आलं. कंपनी गेम पुढं ढकलायची आणि अजिनाथ येडूला. “ह्या रविवारी आणा की दादा तुमच्या भावाला,” असं दिपालीनं म्हटलं की तो म्हणायचा, “मेंढरं घेऊन कर्नाटकात गेलाय.” पुढच्या वेळी, “वैरागच्या बाजारात टेम्पो गेला पायावरनं. डावा. प्लास्टर हाय.” बाळासोनं त्या पायासाठी हळदीचं तेलसुद्धा पाठवलं. ते अजिनाथच्या गुडघ्याला लागलं.

आणि तो टॉवेल. गोजाबाईंनी बावीस वर्षं एसटी स्टँडवर कँटीन चालवलं होतं, त्यामुळं त्यांचा कायदा स्टँडचा होता. खिडकीतून टॉवेल पडला की जागा त्याची, माणूस मागनं येवो न येवो. चौघांच्या चार खुर्च्या लागून राहाव्यात म्हणून अजिनाथनं कारखान्यातला एक खराब निघालेला निळा टॉवेल चौथ्या खुर्चीवर टाकला. त्याचा एक कोपरा विणताना चुकलेला, बोडका. सव्वा वर्ष तो तिथंच होता. गर्दी झाली, पोरं उभी राहिली, तरी त्या खुर्चीला कोणी शिवलं नाही. शिवलंच तर गोजाबाई ओरडायच्या, “ए, ऊठ! येडूची हाय ती!” अलीकडं तर झाडताना त्या खुर्चीला म्हणत, “पाय वर घे रे येडू.” आणि जरा थांबून मगच झाडू फिरवत.

आज बुधवार. कामाचा वार. गेमसाठी रजा कोण देणार? म्हणून काल अजिनाथनं अर्ज दिला, ‘माझे मावसभाऊ येडू यांचे वैराग मुक्कामी दुःखद निधन झाल्याने...’ साहेबांचा जीव कळवळला. म्हणाले, “अरे, दहाव्यालाही जावं लागेल. आत्ताच लिहून दे, पुढच्या आठवड्यातला गुरुवार.” अजिनाथनं तेही लिहून दिलं. एका दगडात त्यानं तीन कामं केली असं त्याला वाटलं. दोन दिवस रजा मिळाली, आणि दिपाली-बाळासोपुढंही हेच सांगता येणार होतं. घर जाईल, पण दुःखात बुडालेल्या माणसाशी भांडणार कोण?

तर बारा वाजता तो शेडमध्ये शिरला. गोजाबाईंनी कूलर लावून दिला आणि त्या मागच्या घरात आडव्या व्हायला गेल्या. दिपाली आणि बाळासो यायला वेळ होता. चटणीची पिशवी टेबलावर ठेवून अजिनाथनं शेवटचा उपाय म्हणून तो दहा आकडी नंबर लावून पाहिला.

‘आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही.’

“ठावं हाय,” अजिनाथ म्हणाला. मग त्यानं चेहरा पाडला आणि चौथ्या खुर्चीकडं तोंड करून सराव सुरू केला.

“दिपाली, बाळासो, मन घट्ट करा. आपला येडू काल...”

कूलर बंद पडला.

दिवा चालू होता, कॉम्प्युटर चालू होते, एकटा कूलर घरघर करत थांबला. पत्रा उन्हानं तडतड वाजला आणि तोही गप्प झाला. मग बाहेरच्या बोळातून आवाज आला. एक पाऊल. मग जमिनीवरून काहीतरी ओढल्याचा, सरर्र... मग परत एक पाऊल. सरर्र... दारापाशी आला. आत आला. दारात कोणीच नव्हतं, नुसतं पांढरं ऊन होतं. आणि वास. पावसात भिजलेल्या मेंढरांचा, ओल्या लोकरीचा वास. सोलापुरात सात महिन्यांत पाऊस नव्हता.

चौथी खुर्ची करकरली. टॉवेल मधोमध हळूच खाली दबला आणि तसाच राहिला.

अजिनाथच्या घशातली थाप घशातच वाळली. “प... पाणी...” एवढंच तो म्हणाला, तेही कोणाला ते त्यालाच कळलं नाही.

तेवढ्यात बाळासो आणि दिपाली हसत आत आले. बाळासोनं नाक मुरडलं. “आयला, मेंढरं बांधली व्हती का रं हितं?”

“दादा, तुम्ही एवढे घामाघूम?” दिपाली म्हणाली. “गेमची एवढी भीती?”

साडेबारा वाजले. गेम खरंच उघडला. सव्वा वर्षाच्या वाटेनंतर पडद्यावर काळं खोरं आलं, धुकं आलं, आणि टोळीचे चार विझलेले कंदील. दिपालीचा पहिला पेटला. मग बाळासोचा. बाळासो खुर्चीतच नाचला. अजिनाथनं आपला आकडा भरला आणि तिसरा पेटला. चौथा अंधारात.

“येडूभाऊ कुठंयत? फोन लावा की!”

“लागत न्हाय.”

पाच मिनिटं गेली. आठ गेली. बाळासोचं हसू मावळलं. “अज्या, मी तिकडं वाळवंटात एकटा काय करू रं? संध्याकाळचं तुमचं तोंड तर दिसंल म्हणून मी तिकीट काढलं...” एवढा मोठा गडी, पण आवाज बारीक झाला. दिपालीनं नकाशाचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

बारा मिनिटं झाली. ह्या दोघांचे चेहरे बघून अजिनाथला पहिल्यांदा आपल्या थापेची लाज वाटली. खरं सांगून टाकावं, असं त्यानं ठरवलं. “ऐका माझं. येडू म्हणून कोणी...”

त्याच्या मानेवर गार श्वास आला. आणि चौथा कंदील पेटला.

‘येडू, हजर.’

शेड दणाणलं. बाळासोनं अजिनाथला उचलून गोल फिरवलं. फिरता फिरता अजिनाथला दिसलं की चौथ्या खुर्चीपुढचा कॉम्प्युटर बंदच होता.

“इचार, इचार, कुठनं खेळतोय ते!” बाळासोनं स्वतःच लिहिलं. उत्तर आलं, ‘हितनंच.’

“वैरागला नेट चांगलं दिसतंय,” बाळासो म्हणाला.

दिपालीनं लिहिलं, ‘पाय कसा आहे भाऊ?’

‘डावा अजून वढतो. अजिनाथनं बरा केलाच न्हाय. तेल बी त्यानंच लावलं.’

दोघं पोट धरून हसले. “लई गमत्या हाय तुझा भाऊ!” अजिनाथही हसला. दात वाजत असले की माणूस हसल्यासारखाच दिसतो.

त्यांनी घर पाहिलं. टेकडीवरचं, नकाशातल्यासारखंच. दिपालीनं चूल मांडली. चटणी-भाकरीवर तिघांनी ताव मारला, म्हणजे दोघांनी. दीडच्या सुमाराला अजिनाथच्या एकट्याच्या पडद्यावर, कोपऱ्यात, एक ओळ आली.

‘अर्ज वाचला. अक्षर बरं हाय. गुरुवारी दहाव्याला ये.’

त्याच वेळी गोजाबाई ताकाचे चार पेले घेऊन आल्या आणि थबकल्या. “गेलाच का त्यो? मी त्याच्या वाटचं बी आणलं. मला म्हनला, ताक नगं मावशी, गाडी गाठायचीया. टॉवेल खांद्यावर टाकून पाय वढत गेला बघा बोळातनं.”

“कोण?”

“कोण काय? येडू. म्हनला, फुडं जाऊन अजिनाथची जागा धरतो.”

तिघांनी वळून बघितलं. चौथ्या खुर्चीचं लाल रेक्झिन सव्वा वर्षानं पहिल्यांदा उघडं पडलं होतं. त्यावर धुळीचा कणसुद्धा नव्हता.

“हितवर येऊन न भेटता गेला?” बाळासो हळहळला. “पर माणूस मायाळू राव. भावाची जागा धराया गेला.” आणि चौथा पेला त्यानंच पिऊन टाकला.

पुढच्या गुरुवारी अजिनाथ सकाळी आठच्या ठोक्याला कारखान्यात हजर. साहेब चकित. “अरे, आज दहावा ना? वैरागला नाही गेलास?”

सव्वा वर्षात शिकलेला एकच उपाय अजिनाथला आठवला.

“फुडं ढकललाय साहेब.”

“दहावा? पुढं?”

“तांत्रिक कारणास्तव.”

अजिनाथ मान खाली घालून गोदामात गेला. निळ्या टॉवेलांचे गठ्ठे रवाना व्हायचे होते. तो पहिल्या गठ्ठ्याला हात घालतोय तोच खिशातला मोबाइल वाजला. निरोप होता. नंबर ओळखीचा, त्याच्याच बोटांना सुचलेला.

‘बरं. घाई न्हाय. टॉवेल टाकून बसलोय. नवी तारीख कळव.’