करड्या मॅडमचे फोटो

बटाट्याचा फोटो काढणारा माणूस तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. लॅबमधला पंखा चालू राहिला म्हणून ती बंद करायला आत गेली, तर हा टेबलाशी गुडघे टेकून, एक डोळा मिटून, एका डागाळलेल्या बटाट्यावर कॅमेरा रोखून बसलेला.

"जरा बाजूला होता का... तुमची सावली बटाट्यावर पडतेय," तो मान वर न करता म्हणाला.

"ही लॅब माझी आहे."

"असेल. पण सावलीही तुमचीच आहे."

ती बाजूला झाली. का झाली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तो एका सत्रापुरता आलेला नवा सर होता. आधी कारखान्यात होता. पट्ट्यावरून धावणाऱ्या बटाट्यांतले किडके कॅमेऱ्याने हेरायचे, हे त्याचं काम. ती इंजिनिअरिंगच्या मुलांना इमेज प्रोसेसिंग शिकवायची, फळाभर गणितं लिहून. रंगीत चित्र करडं कसं करायचं, इथून तिची सुरुवात, म्हणून मुलं तिला करडी मॅडम म्हणायची. तिच्या चेहऱ्याकडे बघूनही म्हणत असतील. आता हा विषय दोघांनी मिळून शिकवायचा होता. गणित तिचं, प्रकल्प त्याचे.

सुरुवातीला खटके उडाले. तो म्हणे, मुलांना आधी काहीतरी करून बघू दे, गणित मागून येईल. ती म्हणे, गणिताशिवाय केलेली ती नुसती जुळवाजुळव. मग एकदा मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी आपणहून तिच्याकडे आली. बटाट्यावरचा डाग कुठला आणि माती कुठली, हे मशीनला कळावं म्हणून कुठलं गणित लावू, असं विचारायला लागली. करडी मॅडम तिथेच विरघळली.

सत्राचा शेवटचा प्रकल्प मोठा होता. चेहरा ओळखून उघडणारं लॅबचं दार. मशीनला शिकवायचं म्हणजे प्रत्येकाचे भरपूर फोटो हवेत. मुलांनी एकमेकांचे काढले, पण मॅडमसमोर कॅमेरा धरायची कुणाची छाती होईना. ते काम सरांनी अंगावर घेतलं. तो कॅमेरा लावायचा आणि हळूच म्हणायचा, काल एक बटाटा हुबेहूब प्राचार्यांसारखा निघाला, बाजूला काढताना हात थरथरला माझा. ती हसली की फोटो. रोज नवं काहीतरी, रोज हसू, रोज फोटो...

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी चहा पिताना तो नेहमीसारखा बोलेना. कप नुसता फिरवत राहिला.

"आईने एक मुलगी बघून ठेवलीय," तो म्हणाला. "मी टाळत आलोय. सत्र संपतंय... तुम्ही थांबा म्हणालात, तर प्राचार्यांना सांगून इथेच थांबेन. नाहीतर आईला हो म्हणून टाकतो."

शब्द तिच्या ओठांवर होता. पण उत्तर आलं तरी पुन्हा पडताळून बघायची तिची जुनी खोड.

"प्रात्यक्षिक होऊ दे," ती म्हणाली. "मग सांगते."

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. मुलांना दार उघडलं, सरांना उघडलं, शिपाईमामांनाही उघडलं. मग मॅडम पुढे झाली, परीक्षकांसमोर उभं राहावं तशी ताठ, गंभीर. दार ढिम्म. तिने पुन्हा पाहिलं. लाल दिवा.

मागच्या बाकावरच्या मुलीने पडद्यावर फोटो उघडले. "मॅडम, सगळ्या फोटोंत तुम्ही हसताय. मशीनला तुमचा हा चेहरा माहीतच नाही. जरा हसा ना."

"काढले कुणी हे फोटो?" कुणीतरी हळूच विचारलं. खसखस पिकली. परीक्षकही मिशीत हसले. सरांचे कान लाल झाले. आपलं मन सगळ्यांसमोर पडद्यावर मांडलंय असं तिला वाटलं, आणि ती फाटकन बोलून गेली.

"नमुने निवडायची अक्कल नसेल, तर शिकवायला येऊ नये, सर."



"चूक माझीच आहे," तो म्हणाला. "उद्या नवे काढतो."

दुसऱ्या दिवशी त्याने दिवा लावला, खुर्ची मांडली. समोर बघा. आता डावीकडे. आता रागावून. विनोद एकही नाही.

"काल जे बोलले..." ती म्हणाली. "मला लाज वाटली. तुमची नाही, माझी. मला थांबा म्हणायचं होतं."

तो कॅमेऱ्यामागेच राहिला.

"काल संध्याकाळी आईचा फोन आला होता," तो म्हणाला. "मी हो म्हणालो. तिने लगेच तिकडे कळवलंही... मुलीनेही होकार दिलाय. आता माघार घेतली तर तिने काय समजायचं?"



"काय करते ती?"

"लहान मुलांना चित्रकला शिकवते."

"छान आहे," ती म्हणाली. म्हणताना डोळे भरून आले, ते तिला आवरता आले नाहीत. त्याने कॅमेरा खाली घेतला.

"काढा ना," ती म्हणाली. "असाही लागेल. रोज काय हसतच येणार आहे का मी?"

"हा नको. हा मी पाहिला, तेवढं पुरे."

तो दिव्याची वायर गुंडाळायला लागला. तिने दुसरं टोक धरलं. दोघं कितीतरी वेळ ती गुंडाळत राहिली. वायर जेमतेम हातभर होती.