रिकाम्या पात्यांचं वजन

यात मी मीठमसाला घातलेला नाही. उलट थोडं गाळलंच आहे, कारण ते सांगणं माझं मलाच नको वाटत होतं.

रात्र नव्हती. स्मशान नव्हतं, पडकी विहीर नव्हती. ढगाळ दुपार होती आणि भरवस्तीतला रस्ता होता.

आमचा धंदा झाडं हलवायचा. घर पाडायचं असतं, पण झाडावर कुऱ्हाड चालवायला जीव होत नाही, अशी माणसं आम्हाला बोलावतात. ट्रॅक्टर मी चालवते. नवरा अवजारं सांभाळतो आणि सल्ले देतो.

सल्ले जास्त.

अवजारं दोन. एक ट्रॅक्टरच्या पुढे लागतं, मोठ्या सुपासारखं. लहान झाड मातीसकट त्यात घ्यायचं आणि डोळ्यांसमोर न्यायचं. दुसरं मागे लागतं. त्याची चार टोकदार पाती झाडाभोवती जमिनीत उतरतात आणि मुळांचा अख्खा गोळा वर उचलतात. जड झाडाला हेच बरं. फक्त भार मागच्या चाकांवर पडतो, ट्रॅक्टरचं नाक हलकं होतं आणि स्टिअरिंग हातात तरंगायला लागतं. मग नाकावर लोखंडी वजनं टांगायची.

आणि झाड पाठीमागे राहतं. चालवणाऱ्याला दिसत नाही.

त्या दिवशी काम होतं बाईंचं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. जुनं घर पाडणार होते आणि त्या मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. सोबत त्यांना एकच गोष्ट हवी होती... अंगणातलं अंजिराचं झाड.

"यांनी लावलंय," बाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी याच्याखाली खुर्ची टाकून बसायचे. उठायच्या आधी बोटातली अंगठी खुर्चीच्या दांड्यावर दोनदा वाजवायचे. मग मी चहा टाकायचे."

ते जाऊन वर्ष होत आलं होतं. खुर्ची अजून तिथेच होती.

"झाड आलं की तेही येतील. नाहीतर मला तिकडे करमायचं नाही गं."

हे त्या अगदी सहज बोलल्या. मी ट्रॅक्टरकडे वळले.

नवरा म्हणाला, "एवढंसं तर झाड आहे. पुढचं सूप लाव."

"अंजिराची मुळं पसरलेली असतात. सुपात मावायची नाहीत. मागचंच लावते."

"लाव बाई. माझं कोण ऐकतंय."

पाती जमिनीत उतरली. झाड अलगद वर आलं...

आणि ट्रॅक्टरचं नाकही वर आलं.

पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकत होती. एवढ्याशा झाडाला? नवऱ्याने माती चिमटीत घेऊन पाहिली. कोरडी होती. म्हणजे ओल्या मातीचं वजनही नव्हतं.

आमचं घर वाटेतच होतं. तिथे थांबून वजनं टांगायची ठरली. मी मुंगीच्या पावलांनी निघाले.

रस्त्यात मागून आवाज आला...

कर्र...

जाड माणूस खुर्चीत सावरून बसतो, तसा.

मी वळून पाहिलं. नुसती पानं. वारा पडला होता, एकही पान हलत नव्हतं.

घरी पोचले. इंजिन बंद केलं. नवरा वजनं आणायला आत गेला. आणि मागे, लोखंडावर...

टक.

टक.

ट्रॅक्टरचं नाक धप्पकन खाली बसलं.

"काय केलंस?" नवरा धावत बाहेर आला.

"काही नाही."

वजनं लावायची गरजच उरली नव्हती. ट्रॅक्टर शहाण्यासारखा मुलीच्या घरापर्यंत गेला. झाड लावून झालं, त्याखाली ती जुनी खुर्चीही मांडली. बाईंनी खोडावरून हात फिरवला, मग आमच्या मागे रस्त्याकडे बघत राहिल्या.

"एकटंच आलं?"

मला ती टकटक आठवली.

त्यानंतर अंजिराची पानं गळायला लागली. बाईंचं जेवण तुटलं. मुलगी फोनवर रडायची.

आणि आमच्याकडे... कोपऱ्यात ठेवलेल्या त्या अवजाराखाली मांजर झोपायचं, ते फिरकेनासं झालं. अंगणात चिमण्या येईनात. संध्याकाळ झाली की टक, टक. माझा हात आपोआप चहाच्या भांड्याकडे जायचा. नवऱ्याने थट्टा करायची सोडून दिली.

शेवटी मी म्हटलं, "ते आपल्याकडे उतरलेत. त्यांना बाईंकडे पोचवायला हवं. बाई झुरून मरतील."

"मग पुढचं सूप लाव," नवरा हळूच म्हणाला. "निदान दिसेल तरी."

"म्हणूनच मागचं लावते," मी म्हटलं. मला काहीही बघायचं नव्हतं.

रिकामं अवजार जोडून उचललं. चार पाती, आत माती नाही, झाड नाही.

नाक वर आलं.

बाईंच्या दारापर्यंत मी एकदाही मागे पाहिलं नाही. गेटपाशी थांबले आणि वाट बघितली. टकटक होईल, नाक खाली बसेल, मी सुटेन.

काहीच झालं नाही.

बाई अंजिराखालच्या खुर्चीतून उठून गेटपर्यंत आल्या. माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होत्या. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

"उतरायचं नाही का?" त्यांनी विचारलं. थोडं थांबल्या. मग हसल्या. "यांचं हे असंच. शाळेत मला न्यायला यायचे, तेव्हाही स्कूटरवरून उतरायचे नाहीत. तसेच बसून राहायचे. आपणच जाऊन मागे बसायचं."

"बाई, मी जरा वेळ थांबते."

"नको गं. निघ तू. उशीर होतोय."

त्या परत खुर्चीत जाऊन बसल्या. मी निघाले. कोपऱ्यावर स्टिअरिंग फिरवलं...

ट्रॅक्टर वळेना.

नाक येतानापेक्षाही हलकं झालं होतं.

कसंबसं घर गाठलं. अंगणात शिरते तोच फोन वाजला. बाईंची मुलगी होती. "आई गेली. खुर्चीत बसल्या बसल्या. तुम्ही नुकत्याच गेला होतात."

अंजिराला आता नवी पालवी फुटली आहे म्हणे.

ते अवजार आम्ही अजून सोडवलेलं नाही. ट्रॅक्टर नाक वर करून अंगणात उभा आहे. संध्याकाळी मी चहाचं भांडं हातात धरून कान देते. टकटक झाली तर त्यांना उतरायचंय असं समजेन, आणि खुशाल दोन कप जास्त टाकेन.

पण टकटक आता होत नाही. दोघं नुसती बसून आहेत.

कोणाला न्यायला आले की ते उतरत नाहीत, असं बाई म्हणाल्या होत्या. आणि या घरात आम्ही दोघंच राहतो.