राग बघितल्याशिवाय नाही

मी ऑर्गनच्या पट्ट्यांवरची धूळ पुसत होते. फडकं एका पट्टीवर जरा जोरात दाबलं गेलं, ऑर्गन घोगऱ्या आवाजात ओरडला, आणि त्याच्या पोटातून एक पुरुषी आवाज आला, "तीच धरून ठेवा... सोडू नका."

फडकं एकीकडे, बादली दुसरीकडे आणि मी तिसरीकडे. रिकाम्या चर्चमध्ये ऑर्गन बोलायला लागला तर माणसाने दुसरं करायचं तरी काय?

मग पाइपांखालच्या छोट्या दारातून एक डोकं बाहेर आलं. केसांत जळमटं, नाकावर काळा डाग.

"सोडलीत ना पट्टी? आत्ताच सूर हाताला लागत होता."

"आत कोणी आहे हे आधी सांगायची पद्धत असते."

"आतल्या माणसाने कसं सांगायचं?"

"बाहेर येऊन."

"आलोय की," तो म्हणाला आणि हसला. असं हसला, की मी उगाचच बादली उचलायला वाकले.

तर असा हा ऑर्गनवाला. पाळककाकांनी त्याला जुना ऑर्गन सुरात लावायला बोलावलं होतं. या कामाला दोन माणसं लागतात — एक आत पाइपांपाशी, एक बाहेर पट्टी दाबून बसलेलं. बाहेर कोण बसणार, असा प्रश्न निघाला तेव्हा पाळककाकांची बायको, आमची काकू, भाजी चिरता चिरता म्हणाली, "ही बसेल की." ही म्हणजे मी. काकूचा चेहरा इतका साळसूद होता, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मी चर्चच्या मागच्या घरात राहते. नवऱ्याच्या घरातून निघाले ती नेसत्या कपड्यांनिशी, ओठ सुजलेला. काकूने दार उघडलं, चहा दिला, एक शब्द विचारला नाही. ते लग्न पुढे कायद्याने संपलं, पण माझ्या अंगातून संपायला तयार नव्हतं. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर नुसती बसून राहायचे. प्रार्थना म्हणून येत नव्हती. देवाशी बोलायचं तरी काय, भांडायचंसुद्धा त्राण नव्हतं. मग एके रविवारी काकू शुभवर्तमान वाचत होती. शिपायांनी येशूच्या तोंडावर मारलं, तो भाग. लहानपणापासून ऐकलेला, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. यालाही तोंडावर मारलंय... म्हणजे याला काही समजावून सांगायला नको. त्या बाकावर मी इतकी रडले, की पुढच्या दोघी रुमाल घेऊन मागे वळल्या.

तिथून मी त्याच्याशी बोलायला लागले. हळूहळू झोप लागायला लागली, मग भूक, मग हसू. आता मागच्या घरात माझ्यासारख्या बायका येतात तेव्हा दार मी उघडते. चहा मीच देते. सकाळी उठावंसं वाटतं मला, आणि हे ज्याने दिलं त्याचे आभार मानल्याशिवाय मी अंथरुणातून पाय खाली ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. पुरुषाचा आवाज चढला की मी थिजायचे. पहिल्याच दिवशी ऑर्गनवाला आतून जोरात म्हणाला, "पुढची!" आणि माझं बोट त्या पट्टीवरच राहिलं. तो बाहेर आला. माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, परत आत गेला. त्यानंतर त्याने आतून हाक मारली नाही. पुढची पट्टी हवी असली की लाकडावर हलकेच टकटक करायचा. मला त्या टकटकीचं इतकं बरं वाटलं, की रागच आला स्वतःचा.

मग काय, काम लांबत गेलं. मधूनच टकटक थांबायची आणि पाइपांच्या आडून गप्पा सुरू व्हायच्या.

"आज निळा रंग घातलाय वाटतं."

"आतून दिसतं तुम्हाला?"

"फटी आहेत बऱ्याच."

"सूर लावा. फटी बघायला नाही बोलावलं."

"लावतोय... पण एकच सूर सारखा चुकतोय. बाहेरचं माणूस हसलं की."

काकू फुलं बदलायला म्हणून सारखी यायची. इतकी फुलं त्या चर्चने कधी बघितली नव्हती.

आणि एका दुपारी टकटक नाही, काही नाही. नुसतं... "माझ्याशी लग्न कराल का?"

"आधी बाहेर या."

आला. कान लाल. मी सांगून टाकलं, सगळं. ओठ, रात्री, सगळं. आणि म्हटलं, "तुम्ही चांगले आहात, मला आवडता. फार आवडता. पण तोही आधी चांगलाच होता. मला तुमचा राग बघायचाय. तो बघितल्याशिवाय नाही."

"मला सहसा येत नाही हो राग," तो बिचारा म्हणाला.

"मग थांबू."

मी मुद्दाम उशिरा आले, चुकीच्या पट्ट्या दाबल्या, चहात साखर घातली नाही. त्याने तो चहा पिऊन आभार मानले. काय करावं अशा माणसाला?

काम संपत आलं होतं. त्या सकाळी मागच्या घरात एक नवी बाई आली. तिला चर्चमध्ये बसायचं होतं, पण आत आली आणि म्हणाली, कोंडल्यासारखं होतंय. सूर लागेपर्यंत खिडक्या बंद ठेवा, असं ऑर्गनवाल्याने बजावलं होतं, तरी मी सगळ्या उघडल्या. बाहेर कडाक्याची थंडी. तिला श्वास आला, मी तिला घरात नेऊन झोपवलं, आणि खिडक्या विसरले. माझ्या जागी पट्ट्या दाबायला एक पोरगं बसलं होतं, आणि ऑर्गनवाला ऑर्गनच्या पोटात, भात्याच्या घरघरीत. त्याला पत्ताच नाही. गार हवेत सूर उतरतात. काल बंद खिडक्यांत लावलेले पाइप आणि आज उघड्या खिडक्यांत लावलेले, एकमेकांशी जुळेनात.

संध्याकाळी पोरगं घरी गेलं, मी परत आले, आणि तो बाहेर आला तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"खिडक्या कोणी उघडल्या?"

आवाज चढलेला. मी बाकाची कड घट्ट धरली.

"मी."

"दिवसभराचं काम गेलं माझं! बजावलं होतं ना?"

"तिचा जीव गुदमरत होता. विसरले, ती चूक माझी. पण उद्या कोणी गुदमरलं तर परत उघडीन."

"उघडा की! कोण नको म्हणतंय? मला सांगाल की नाही?"

"सांगीन!"

आम्ही दोघंही ओरडत होतो. मी... ओरडत होते.

त्याने हातातलं हत्यार बाकावर अलगद ठेवलं. "मी एक चक्कर मारून येतो. राग तुमच्यावर आहे, पण काढायचा तुमच्यावर नाहीये."

खिडकीतून दिसत होता. कुडकुडत, हातवारे करत चर्चला फेऱ्या घालत होता. बऱ्याच वेळाने आला.

"कोणाशी बोलत होतात?"

"प्रभूशी. तुमचीच तक्रार. त्याने ऐकून घेतलं."

"गेला राग?"

"नाही."

"मग आता विचारा."

"काय विचारू?"

"ऑर्गनच्या आतून विचारलं होतंत ते."

"आत्ता?" त्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "आत्ता मला तुमच्याशी धड बोलवतसुद्धा नाहीये."

"म्हणूनच."

 कपाळावर आठ्या तशाच. मग जवळजवळ खेकसलाच, "करणार आहात का माझ्याशी लग्न?"

"करणार आहे."

तो माझ्या शेजारी धपकन बसला, अजून फुरंगटलेला. माझे डोळे वाहत होते आणि हसूही येत होतं. मनातल्या मनात मी प्रभूला एवढंच सांगितलं — हा चिडलाय, आणि मला भीती वाटत नाहीये.