बबनरावांची नववी सवय

“तुमचं चावून होऊ द्या, मग बोला,” जया मनवर म्हणाली.

समोरच्या खुर्चीतल्या तरुणाने मान हलवली आणि तोंडातला खजूर चावत राहिला. हरिसिंग मनातल्या मनात मोजत होता. बत्तीस झाल्यावर तो घास घशाखाली उतरला.

“माफ करा. कालपासून पोटात काही नव्हतं. पण नियम तो नियम.”

“तुमचे आजोबा हरवलेत, असं फोनवर म्हणालात.”

“हरवले नाहीत, पळवलेत! अठ्ठ्याण्णव वर्षांचा माणूस स्वतःहून कुठं जाणार, मॅडम?”

तो होता नयन भोयर. राळेगावच्या अलीकडे करंजगावात त्याचं ‘शतायु निसर्ग केंद्र’ होतं. आजोबा बबनराव ज्या आठ सवयींमुळे इतकं जगले, त्या सवयी तिथे शिकवल्या जात. नागपूर-अमरावतीकडची माणसं शनिवार-रविवार येऊन राहत. येत्या रविवारी चित्रीकरणासाठी एक टोळी येणार होती. आणि गुरुवारी, म्हणजे काल दुपारी, बबनराव खोलीतून नाहीसे झाले होते.

“शेवटचं कोणी पाहिलं?”

“मीच, दुपारी वावरात जाण्याआधी. बाराला जेवले. सूर्य डोक्यावर असतानाच मुख्य जेवण घ्यावं, ही आमची तिसरी सवय. त्याचं कारण असं की जठराग्नी...”

“अंगात काय होतं?”

“धोतर आणि बंडी. पायात काही नाही. अनवाणी चालणं ही पाचवी...”

“चला,” जया उठली.

अकरा वर्षं तिने एका विमा कंपनीसाठी मृत्यूच्या दाव्यांचा तपास केला होता. नंतर यवतमाळात झेरॉक्सच्या दुकानावर स्वतःची पाटी लावली. हरिसिंग राठोड तिचा ड्रायव्हर, कारकून आणि सोबती. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. माणूस सोन्यासारखा, पण प्रत्येक गोष्ट त्याला एक स्टॉप उशिरा कळायची.

करंजगावात दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती. गावाच्या विहिरीवर माणसं गळ टाकून उभी होती. पोलिसांनी कालच तक्रार घेतली होती. पाण्यात काही सापडलं नव्हतं.

केंद्राच्या फाटकावर मोठा फलक होता. घास बत्तीस वेळा चावा. पहाटे थंड पाण्याने अंघोळ करा. जमिनीवर झोपा. शंभर पावलं उलटं चाला. सूर्यास्तानंतर अन्न नको. साखर, चहा, औषध, वाद यांपासून दूर राहा. शेजारी बबनरावांचा फोटो. चेहऱ्यावर फोटो काढून घ्यायला बसवलेल्या माणसाचा भाव.

“तुम्ही काढा घ्याल ना?” नयनने विचारलं.

“चहा चालेल.”

“चहा नसतो इथं. सहा वर्षांत साखरेचा दाणा आला नाही घरात.”

काढा आला. जयाने एक घोट घेतला आणि पेला हळूच हरिसिंगच्या पुढ्यात सरकवला.

बबनरावांची खोली मागच्या बाजूला होती. चटई, घोंगडी, खिडकीत औषधाची सात कप्प्यांची डबी, प्रत्येक कप्प्यावर वाराचं नाव. जयाने ती उघडली. सातही कप्पे रिकामे होते.

“औषधापासून दूर राहा म्हणता, आणि ही डबी?”

नयनचे कान लाल झाले. “ती... फक्त रक्तदाबाची. लोकांना सांगत नाही आम्ही.”

खिडकीच्या कट्ट्यावर पेल्याच्या बुडाएवढा गोल डाग होता. त्याच्याभोवती मुंग्यांनी फेर धरला होता. जया बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

“मॅडम!” बाहेरून हरिसिंग ओरडला. “सापडलं!”

मागच्या दारापाशी ओल्या मातीत अनवाणी पावलं उमटली होती. सगळी घराकडे येणारी. जाणारं एकही नाही.

“उलटं चालत गेले!” हरिसिंगचा चेहरा उजळला. “शंभर पावलं उलटं! म्हनून येल्यासारखे दिसते!”

“मलाही आधी तसंच वाटलं,” जया म्हणाली. “पण जरा थांबा.”

परसदारी नातसून सुरभी भाजी फोडणीला टाकत होती. तिशीची, शांत, डोळे जागरणाने सुजलेले. तिने तेलाचा डबा पुरता उलटा केला, बुडावर दोनदा थाप मारली, तेव्हा कुठे चमचाभर तेल पडलं.

“आजोबा उलटं चालायचे का हो?” जयाने विचारलं.

“फोटोपुरते. इकडून मी धरो, तिकडून हे. गुडघा नाही वाकत त्याइचा.”

“मग मागच्या दारातली पावलं?”

“रोजचीच हायेत. सकाळी पुढून जातात, वावरातून फिरून मागून येतात.”

हरिसिंग हिरमुसला. जयाने विचारलं, “काल दुपारी तुम्ही कुठं होतात?”

“राळेगावले. घाणीवर तेल आनाले गेलती, स्कुटीनं. साडेबाराले गेली, चारले आली. आल्यावर पाह्यलं त खोली रिकामी.”

“एकट्याच?”

“हाव.”

“लई थंडी पडून राह्यली रात्री,” हरिसिंग हळहळला. “नुसत्या बंडीवर म्हातारा मानूस...”

“मफलर हाये ना,” सुरभी म्हणाली आणि झाऱ्याने भाजी हलवू लागली.

तेवढ्यात डॉ. आयुष काळे आले. यवतमाळात त्यांचा दवाखाना होता. दर पंधरा दिवसांनी येऊन बबनरावांची तपासणी करायचे. दीर्घायुष्यावर त्यांना लेख लिहायचा होता.

“तुम्हालाही त्यांच्या सवयींत रस?” जयाने विचारलं. तिच्या आवाजात आता धार आली होती. सकाळपासून एकाही प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नव्हतं.

“रस होता,” डॉक्टर वैतागून म्हणाले. त्यांनी वही आपटलीच टेबलावर. “हे बघा. सहा वर्षं आकडे उत्तम. नाडी, वजन, दाब, सगळं साठीच्या माणसाला लाजवील असं. आणि या चैत्रापासून घसरण. वजन सात किलो उतरलं. झोप नाही. दाबासाठी गोळ्या लावाव्या लागल्या, सकाळी एक, रात्री एक. सवयी त्याच, जेवण तेच, पाणी तेच! कशाने झालं, मला सापडत नाही. वेड लागायची पाळी आली.”

“चैत्रात काय बदललं?”

“काहीच नाही. तेच तर म्हणतोय.”

जया नयनकडे वळली. “चैत्रात काय बदललं?”

“काही नाही, मॅडम. उलट सुधारणाच केली. एक ताण कमी केला त्यांचा.”

“कसला ताण?”

“डोमाजी आत्राम. गावातलाच म्हातारा, नव्वदीचा. आबाजी रोज सकाळी पलीकडच्या टोकाला त्याच्याकडे जायचे आणि दोन दोन तास भांडायचे. आवाज इथवर यायचा! पाहुण्यांसमोर बरं दिसतं का? वाद म्हणजे आयुष्याला कीड. मी डोमाजींना हात जोडले, म्हटलं आता पुरे. ते लेकीकडे राहायला गेले.”

“कुठं?”

“केळापूरला.”

जयाने डोळे मिटून घेतले. हरिसिंगला वाटलं, तिचं डोकं दुखतंय. त्याने उरलेला काढा पुढे केला.

“घ्या, मॅडम.”

“हरिसिंगभाऊ, तो तुम्हीच प्या. आणि सगळ्यांना ओसरीवर बोलवा.”

चारची उन्हं ओसरीत आली होती. नयन मांडी घालून बसला. डॉक्टर खांबाला टेकले. सुरभी दाराच्या चौकटीत उभी राहिली.

“बबनरावांना कोणी पळवलेलं नाही,” जयाने सुरुवात केली. “सुरभीताई, गोळ्यांची डबी कधी भरता?”

“रविवारी. संध्याकाळी.”

“काल गुरुवार होता. कोणी दुपारीच पळवलं असतं, तर रात्रीची गोळी आणि शुक्रवार ते रविवारच्या गोळ्या डबीत असायला हव्या होत्या. एकही नाही. म्हाताऱ्याला पळवणारा त्याच्या गोळ्या वेचून नेत नाही. ज्याला रविवार निघून जाईपर्यंत बाहेर राहायचंय, तो नेतो.”

“म्हणजे स्वतःच गेले?” नयन अर्धवट उठला. “पण गुडघा...”

“बसा. एकटे नाही गेले. या घरात त्यांचं एक माणूस होतं. खिडकीच्या कट्ट्यावर मुंग्या आहेत. काढ्याला मुंग्या लागत नाहीत. सहा वर्षांत साखर न आलेल्या घरात कुणीतरी त्यांना लपून गोड चहा देत होतं. पाहुणे देणार नाहीत, ते इथं चहा सोडायला येतात. डॉक्टर पंधरा दिवसांनी येतात, मुंग्या कालपरवाच्या आहेत.”

सुरभी खाली पाहत होती.

“सुरभीताई, काल तुम्ही घाणीवरून तेल आणलंत. आज तुम्ही डबा उलटा करून थापा मारत होतात. तेल आणलंच नाही. स्कुटीच्या मागच्या सीटवर तेलाचा डबा नव्हता, आबाजी होते.”

“पन मॅडम,” हरिसिंग म्हणाला, “सुरभीताईनं त पाह्यलंच नाही त्याइले जाताना.”

“नयनभाऊंनी आपल्याला धोतर आणि बंडी सांगितलं. मफलरचं नाव कोणी काढलं?”

हरिसिंगने आपल्या टिपणवहीची पानं उलटली. थोड्या वेळाने त्याचं तोंड उघडं पडलं. “बाप्पा! याइनंच.”

“जेवताना नसलेला मफलर निघताना ज्याने गळ्यात घातला, त्यालाच तो माहीत असणार. राळेगावहून पांढरकवड्याची एसटी मिळते, हे मी तुम्हाला सांगायला नको; तिच्यात यांनी त्यांना बसवून दिलं. पांढरकवड्याहून केळापूर काय, हाकेच्या अंतरावर.”

“डोमाजीकडे?” नयनचा विश्वास बसेना. “भांडायला?”

“डॉक्टर चैत्रापासून कारण शोधतायत. आठही सवयी तशाच होत्या. नववी तुम्ही बंद केलीत.” जयाचा आवाज चढला. “आणि सुरभीताई, तुमचाही राग येतोय मला. कालपासून माणसं विहिरीत गळ टाकतायत. नवरा उपाशी फिरत होता. बोलायचं होतंत!”

सुरभीने पदराने तोंड पुसलं. मग पहिल्यांदा तिचा आवाज मोठा झाला.

“कोनाशी बोलू? यायले दहादा सांगतलं, आबाजी झुरून राह्यले, जेवत नाहीत. हे म्हनत, घास मोज! आबाजी रोज मले म्हने, पोरी, मले एकडाव डोमाकडे नेऊन दे, मंग मेलो तरी चालते. मी कबूल केलं होतं, रविवारपावतर तोंड नाही उघडनार. विहिरीवर लोक गेले तवा जीव तुटला माहा. पन सांगतलं असतं त हे तवाच गाडी घेऊन गेले असते का नाही?”

नयनने खिशातली गाडीची चावी काढली आणि ओसरीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नयन, सुरभी आणि डॉक्टरांना घेऊन जयाची गाडी केळापुरात शिरली. घर शोधावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडापासूनच दोन म्हाताऱ्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

“तुही बैलजोडी मांगं होती! मांगं! साऱ्या पटानं पाह्यलं!”

“झेंडी पडाच्या आंधी तू सोडली, लबाडा! पासष्ट वर्षं झाले, अजून कबूल नाही करत!”

अंगणातल्या बाजेवर बबनराव ताठ बसले होते. गळ्यात मफलर, पुढ्यात रिकामी ताटली. समोर डोमाजी काठी आपटत होता. डोमाजीची लेक निवांत तांदूळ निवडत होती.

“दोन दिवसांपासून हेच,” ती जयाला म्हणाली. “बाबा चैत्रापासून मुके झालते. आता घर दनानून राह्यलं.”

डॉक्टरांनी न राहवून दाब घेतला. यंत्राकडे पाहिलं, पुन्हा घेतला. “या महिन्यातला सगळ्यात चांगला,” ते पुटपुटले. “दोन दिवसांवर लेख नाही लिहिता येत. पण...”

नयन दारातच थांबला होता. बबनरावांनी त्याला पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला.

“न्याले आला काय?”

“आबाजी, तुम्ही मला सांगायचं होतं.”

“सांगतलं. तू ऐकत नव्हता, मोजत होता.”

“मी तुमच्यासाठीच करत होतो!” नयनचा आवाज फाटला. “बाबा सेहेचाळीसला गेले. वावरातून घरी आले, पाणी मागितलं आणि गेले. मी तेहतीसचा आहे. तुमचं काय वेगळं आहे, तुम्ही काय खाता, कसे झोपता, ते मला कळलं पाहिजे होतं. लोक नंतर यायला लागले, आबाजी. आधी मी माझ्यासाठीच लिहून काढलं होतं.”

सुरभीने नवऱ्याकडे चमकून पाहिलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

डोमाजी काठी आपटायचा थांबला.

“तुह्या बापाले मी खांदा देल्ला,” बबनराव म्हणाले. “तोई जमिनीवरच झोपे. तोई थंड्या पान्यानंच आंघोळ करे. मले नाही माहीत, पोरा, मी काहून उरलो. माहीत असतं त त्याले नसतं का सांगतलं?”

नयन खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हरिसिंगने खाकरून जयाकडे पाहिलं. तिने त्याला नजरेनेच थांबवलं.

काही वेळाने नयनने खिशातून फोन काढला. चित्रीकरणवाल्यांना सांगितलं की उद्या येऊ नका. का, ते सांगितलं नाही. दुसरा फोन पोलीस ठाण्यात केला, आजोबा सुखरूप आहेत म्हणून.

“तुम्ही कधी याल घरी?” त्याने विचारलं.

“याचं तोंड बंद झालं की.”

“माहं नाही होत,” डोमाजी म्हणाला.

“मंग नाही येत.”

नयनने नाक पुसलं. बाजेच्या कडेला, दोघांच्या मधोमध जागा होती. तो उठून तिथे जाऊन बसला.

“शंकरपटाच्या शर्यतीत जोडी नेमकी कोणाची पुढं होती?” त्याने विचारलं. “मला पहिल्यापासून सांगा.”

कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. दोघेही एकदम बोलू लागले.